‘सकाळी बघू’ म्हणे!

रात्री नऊ वाजता, लोबुचेला, ४,९४० मीटरवर तुला सकाळ सुचली? माणूस दुपारपासून डोकं धरून बसलेला. जेवणाला हात लावला नाही, दोनदा उलटी झाली. आणि तू काय केलंस? पॅरासिटामॉल हातावर ठेवलीस आणि झोपायला सांगितलंस. वर म्हणतोस, ‘दमला असेल, पाणी कमी प्यायला असेल.’ एवढ्या उंचीवर डोकं दुखलं, उलटी झाली, की आधी ती उंचीचीच बाधा धरायची. परीक्षेत हेच पोपटासारखं म्हणून दाखवलं होतंस ना?

सरळ रेषेत चालवलंस त्याला? पंज्याला टाच लावून दहा पावलं, बस. तोल गेला की मेंदूला सूज धरायची आणि त्याच क्षणी खाली निघायचं. पण तू चालवलंच नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. तोल गेला असता तर त्या कडाक्यात सोबतच्या दाजूंना उठवून, हेडटॉर्च लावून उतरावं लागलं असतं. नको ते उत्तर येईल म्हणून तू प्रश्नच टाळलास.

आणि औषधांच्या पेटीतला डेक्सा कुणासाठी जपून ठेवला होतास? आधी आठ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी चार. तुझ्याच वहीत तुझ्याच अक्षरात आहे. ‘हेलिकॉप्टर मागवणार होतो.’ रात्री? अरे, त्या खोऱ्यात दुपारी ढग उतरले तरी ते येत नाही! गोळ्या, ऑक्सिजन, हवा भरायची पिशवी, हे सगळं तात्पुरतं. खरा उपाय उतरणं. खाली फेरिचे ४,३७१ मीटरवर. हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर तिथे असतात. पावणेसहाशे मीटर उतरायचं होतं, आणि तू पांघरूण ओढून झोपलास.

‘बाकीच्यांचा बेस कॅम्प बुडाला असता’ हे तर माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. गाईड दोन होते. एकाने गट वर न्यायचा, एकाने पेशंट खाली. यात अवघड काय होतं?

पहाटे दाजूंनी त्याला पाठीवर घेतलं म्हणून तो वाचला. तुझ्यामुळे नाही. माणसं सांभाळायची हातोटी तुझ्यात आहे, म्हणून तर तोंड वाजवतोय. नाहीतर गप्प बसलो असतो.

पुढच्या गटाचा कार्यक्रम पाहिला. नामचेला एकच मुक्काम? खोड ती ओळ. दोन रात्री लिही आणि मला आणून दाखव.