पूर्ण एक मिनिट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात, त्यात श्वास मोजणं सगळ्यात सोपं वाटतं. सुई नाही, औषध नाही, उपकरण म्हणावं तर सेकंदकाट्याचं घड्याळ. तरी ताप, नाडी आणि श्वास यांच्या टीपीआर तक्त्यावर सगळ्यात कमी भरवशाचा आकडा हाच असतो. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटाला लागते; श्वासासाठी मात्र नुसतं बघत बसावं लागतं. घाईच्या पाळीत पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. त्याहून घाई असली की अठरा किंवा वीस असा रूढ आकडा तक्त्यावर पडतो. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. देशोदेशीच्या रुग्णालयांतल्या पाहण्यांत श्वासाची नोंद सर्वांत दुर्लक्षित आढळली आहे. आणि रुग्ण कोसळण्याच्या कितीतरी तास आधी बदलू लागणाऱ्या खुणांमध्ये श्वासाची गती अगदी पुढे असते.

मला या एका मिनिटाबद्दलच बोलायचं आहे. नर्सिंगमधलं संशोधन म्हणजे काय, ते कुठून सुरू होतं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर या मिनिटात आहे.

आधी पूर्ण मिनिटच का, ते बघू. मोठ्या माणसाचा श्वास मोजताना जुन्या सिस्टर एक युक्ती शिकवतात. नाडीची बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि नजर छातीकडे न्यायची. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. नवजात बाळाला असलं काही कळत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. ते छातीपेक्षा पोटाने श्वास घेतं, भराभर चार-सहा श्वास घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा भराभर घेतं. या वयात हे स्वाभाविकच आहे. पण पंधरा सेकंदांचा तुकडा भराभर श्वासांवर पडला तर निरोगी बाळ आजारी ठरतं, आणि थांब्यावर पडला तर आजारी बाळ निरोगी ठरून घरी जातं. गुणाकाराचीही एक खोड आहे. चारने गुणलं की छप्पन येतात, साठ येतात, चौसष्ट येतात. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ कधी येऊच शकत नाहीत. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली रेघ मिनिटाला साठची. जिथे एकेका श्वासाला किंमत आहे, नेमक्या तिथे ही रीत आंधळी होते. म्हणून बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, झबलं वर करून, पूर्ण साठ सेकंद. आणि साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा पूर्ण साठ सेकंद.

ही शिस्त पुस्तकातून उचलून सांगता येईल, पण तिचं मोल चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यापासून फार लांब नसलेल्या गावांनी सिद्ध केलं आहे. 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने 1988 पासून बालन्यूमोनियावर काम सुरू केलं. प्रश्न साधा होता. डॉक्टर दूर, वाट जंगलाची, बाळ घरात. मग न्यूमोनिया ओळखायचा कोणी? गावातल्या सुइणीने, हे उत्तर पुढे आलं, पण अक्षरओळख नसलेल्या बाईने साठपर्यंत अखंड मोजायचं कसं? त्यासाठी एक श्वासमोजक तयार झाला: मण्यांच्या दोन ओळी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक ओळ तान्ह्यांची, दुसरी थोड्या मोठ्या बाळांची. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हाती निदान आलं.

या वस्तूकडे मी जितकं बघते तितका तिच्यातला विचार मला मोठा वाटतो. मिनिट छोटं करून बाईची सोय केलेली नाही. मिनिट पूर्णच ठेवलं आणि मोजण्याची रीत तिच्या हाताला बसेल अशी केली. 1990 साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. ज्या गावांत हे काम चाललं तिथे बालकांमधलं न्यूमोनियाचं मृत्यूप्रमाण हजारी 8.1, आणि तुलनेच्या गावांत 17.5.

पण माझ्या मते खरी शिकवण त्याच्या पुढच्या अभ्यासात आहे. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांचं घरी जाऊन निरीक्षण झालं. करणाऱ्या होत्या त्याच गावच्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बाया. त्या नोंदींचा आधार घेऊन जंतुसंसर्ग ओळखण्याच्या खुणा ठरल्या: सातांपैकी कुठल्याही दोन एकदम दिसल्या तर उपचार सुरू करायचा. छाती आत ओढली जाणं ही त्यातली एक. पोट फुगणं किंवा उलटी, बेंबीत पू, अंग गार पडणं या आणखी काही. पण उरलेल्या खुणा नीट बघा. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय. आधी नीट ओढणारं आता ओढत नाही. आधी हातपाय घट्ट होते, आता ढिले पडलेत. प्रत्येकीत ‘आधी’ आहे. ती खूण बाळाच्या अंगावर एकटी सापडतच नाही; कालचं बाळ आणि आजचं बाळ यांच्यामध्ये ती असते. कितीही निष्णात डॉक्टर असो, त्याने बाळ पहिल्यांदा आज बघितलं असेल तर ती त्याला दिसणार नाही. ज्याने काल बघितलं त्यालाच ती दिसेल, किंवा कालचं लिहिलेलं ज्याच्या हातात आहे त्याला.

याचं फळ मोठं होतं. या गावांतला नवजात मृत्यूदर 1993-95 मध्ये हजारी 62 होता, तो 1997-98 मध्ये 25.5 वर आला. तुलनेच्या गावांच्या मानाने ही घट 62 टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आलं. डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि 2011 पासून आशाताईंच्या घरभेटींच्या रूपाने ते देशभर गेलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिला दिवसही. दिवसांची ही रांग मला ‘आधी’ची तरतूद वाटते. सातव्या दिवशी जाणारीला तिसऱ्या दिवसाचं बाळ ठाऊक असावं.

बघून लिहून ठेवण्याची ही सवय जुनी आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये एक लांब प्रकरण निरीक्षणालाच दिलं आहे. रात्र कशी गेली असं मोघम विचारू नका, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी ते विचारा, असा तिचा आग्रह आहे. क्रिमियाच्या युद्धातले मृत्यू तिने कारणांप्रमाणे वेगळे करून आलेखात मांडले ते याच सवयीने. दिवा घेऊन फिरणारी बाई आपण लक्षात ठेवली. मोजत बसलेल्या बाईची आठवण त्या मानाने फार कमी निघते.

मग आपल्या शिक्षणात हे मिनिट कुठे आहे? बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, गटाने करायचा प्रकल्प आहे, एम.एस्सी.ला प्रबंध आहे. पण विषयांची यादी काढली तर बहुतेक एकाच साच्याच्या निघतात: अमुक आजाराविषयी नियोजित पाठ घेतला, आधी प्रश्नावली, नंतर प्रश्नावली, ज्ञान वाढलं. ज्ञान वाढतंच, तासभर शिकवल्यावर ते न वाढलं तर नवल. या प्रबंधांमागे मुलींची मेहनत असते, म्हणूनच मला त्याचं वाईट वाटतं. ज्या वॉर्डात त्या तीन पाळ्यांत राबतात तिथला प्रश्न त्यांच्या वहीत शिरत नाही.

कोरपन्याकडेच बघा. राजुऱ्यातून वेगळा झालेला हा तालुका. गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने, दुसरीकडे कापूस, सोयाबीन, तूर, आणि माणिकगडच्या डोंगराकडे गोंड-कोलामांच्या वस्त्या. तेलंगण हाकेच्या अंतरावर. दवाखान्याच्या ओट्यावर मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा चार भाषा सहज कानावर पडतात. आई म्हणते, ‘‘सिस्टर, पोराचं पोट लय उडून रायलं.’’ कोणी म्हणेल डब्बा झाला, म्हणजे न्यूमोनिया. तिने दाखवलेलं पोटाचं उडणं म्हणजेच आपण मोजतो तो श्वास. आता कोलामी आई याला काय म्हणते? गोंडी आई कोणता शब्द वापरते, आणि तो शब्द निघाला तेव्हा मिनिटाचा आकडा किती होता? एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला पूर्ण मिनिटाचा आकडा, अशी एक हिवाळाभर वही ठेवली तर आशाताईंना देण्यासारखी शब्दांची यादी तयार होईल. यासाठी अनुदान लागत नाही, यंत्र लागत नाही. नीतीसमितीची परवानगी, आईची संमती आणि दुभाषी लागेल. ते मिळवण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न त्याहून सोपा आहे. एकाच बाळाचा श्वास आधी पंधरा सेकंद आणि लगेच पूर्ण मिनिट मोजायचा. किती बाळं साठच्या रेघेच्या या बाजूची त्या बाजूला गेली? दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनीही हे करू शकते. तिचा आकडा छापून येवो न येवो, पुढच्या पाळीत तिचा हात गुणाकाराकडे जाणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. रात्रपाळीला एकटी सिस्टर, एक बाळंतपण चालू, एक सलाईन संपत आलेलं, दारात सर्पदंशाचा रुग्ण. तिला एकेका बाळामागे पूर्ण मिनिट द्या म्हणणाऱ्याने आधी तिच्या जोडीला माणूस द्यावा. हे खरंच आहे. मिनिटाची मागणी ही पदं भरण्याचीही मागणी आहे, आणि ती करायला तक्त्यावरचा खरा आकडा कामी येतो. न मोजता लिहिलेला वीसचा आकडा वरच्या कार्यालयाला एवढंच सांगतो की इथे सगळं ठीक चाललंय. ‘‘या पाळीत श्वास मोजायला वेळ मिळाला नाही’’ असं लिहिलेली रिकामी चौकट त्याहून प्रामाणिक असते, आणि पाळी बदलताना पुढची सिस्टर निदान आधी त्या पाळण्याकडे वळते.

ती वळते, झबलं वर करते, घड्याळ पोटाजवळ धरते. तिसऱ्या सेकंदाला बाळ थांबतं, सातव्याला पुन्हा सुरू होतं. ती हलत नाही. काटा बारावर आला की लिहिते: 64. आणि काटा पुन्हा बारावर यायच्या आत दुसऱ्यांदा मोजायला लागते.