उभं राहण्याचं भाडं

खासगी विमान मोठ्या विमानतळावर उतरलं की दोन आकार लागतात. एक उतरण्याचा, दुसरा उभं राहण्याचा. दुसरा वजन आणि वेळ पाहून ठरतो: पहिले दोन तास सहसा माफ, मग दर टनामागे तासाप्रमाणे, आणि मुक्काम लांबला की दर चढा. तास अर्धाच झाला तरी पूर्ण धरायचा.

उतरताना वजन मोजणं पटतं. धावपट्टीच भार सोसते. पण उभं विमान अडवतं ती जागा. चार आसनी सेसना १७२ चं वजन सव्वा टनाच्या आत, पंख मात्र अकरा मीटर पसरलेले. एअरबस ए-३२० सुमारे ७८ टनांचं, पंख ३५ मीटरच्या आसपास. वजनात फरक सत्तरपट, अडवलेल्या जागेत जेमतेम पंधरापट. मुंबईत तर जागेचीच वानवा. मालकाला उतरवून विमान रिकामंच दुसऱ्या शहरात नेऊन उभं करायची वेळ येते. खिसा कितीही जड असो, जमीन वाढत नाही.

इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीपासून चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळचा विमानतळ आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादबरोबर तोही रिलायन्सला भाडेपट्ट्यानं दिला गेला. नियमित प्रवासी विमान तिथे काही आलं नाही. जिथे दुसऱ्या कुणाची जागा अडतच नाही, तिथे पार्किंगचं बिल कशाबद्दल फाडायचं? राखणदारी आणि देखभाल यांपुरतं ठीक. माझ्या मते भाडं जागेचं नसतंच. आपल्यामुळे दुसऱ्याचा जो खोळंबा होतो, त्याची ती भरपाई असते.

हेच माप आर्णीच्या पट्ट्यातल्या कापसाला लावून पाहा. हंगामात भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर, छोटा हत्ती यांची रांग लागते. ग्रेडर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, बारावर गेला की माल परत. तिथवर नंबर लागेतो रात्र झाली की गाडीवाला हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, लावतो. त्याचंही बरोबर आहे, त्याची दुसरी खेप बुडाली. पण पैसे जातात शेतकऱ्याच्या खिशातून, आणि खोळंबा काही त्यानं केलेला नसतो. विमानाचा मालक आपल्या मर्जीनं थांबतो. हा थांबतो, कारण भरलेली गाडी घरी वळवली तर भाडं डोक्यावर पडतं आणि कापूस तसाच राहतो.

दाभडी हे गाव आर्णी तालुक्यातलंच. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी ‘चाय पे चर्चा’साठी तिथे आले, आणि कापूस उत्पादकाचं दुखणं देशभर ऐकलं गेलं. भावाची चर्चा तेव्हापासून पुष्कळ झाली. हॉल्टिंगची कुणी करत नाही. आता सीसीआयच्या ‘कपास किसान’ अॅपवर माल आणायचा दिवस नोंदवावा लागतो, म्हणजे गाडी कधी यायची ते खरेदी केंद्राला ठाऊक असतं. मग विमानतळासारखे दोन तास माफ धरा, आणि त्यापुढचं हॉल्टिंग खरेदी केंद्रानं भरावं.