दिवसाची कमाई

‘रोज सराव करतो, पण प्रगती दिसत नाही,’ अशी तक्रार आपण पुष्कळदा ऐकतो. जे दिसत नाही ते व्यर्थ मानावे काय?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे ह्यांचे उदाहरण पाहावे. तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०१८ साली त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२४ साली पॅरिस येथे तो ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांवर आणला. जवळजवळ सहा वर्षांत वीस सेकंद! हिशेब केला तर एका दिवसाची कमाई शतांश सेकंदाहूनही कमी भरते. शर्यतीच्या घड्याळालाही ती टिपता येणार नाही.

घाण्याचा बैलही रोज चालतो. पण ती साधना नव्हे. कालची उणीव ओळखून आज ती भरून काढणे, ही साधना. तिचे फळ त्याच दिवशी हाती येत नाही. म्हणून ती शिस्तीइतकीच श्रद्धेचीही कसोटी ठरते. तेव्हा पालकहो, मुलाला ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्याआधी ‘आज अभ्यासाला बसलास का?’ असे विचारावे.