पिठाच्या डब्यातलं कार्ड

दिवाळीच्या पणत्या उंबऱ्यावरून उचलल्या न उचलल्या, की आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. स्थलांतर हा शब्द इथं कोणी वापरत नाही. ‘कारखान्याला जायचंय,’ एवढंच म्हणतात, म्हणजे साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला. कोणी कोल्हापूर-सांगलीला जातं, कोणी सोलापूरला, कोणी पार बेळगावकडं. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात.

काल शेजारच्या घरी गेले होते. बांधाबांध चालली होती. बाजरीच्या पिठाचा डबा, तवा, हंडा, ताडपत्री, गोधड्या, दोन कोयते. थोरला मुलगा शाळेत जातो, तो आजीजवळ राहणार. धाकटी तेरा आठवड्यांची. ती पाळण्यात झोपलेली, कपाळाला काजळाची तीट. पाळणा घरीच राहणार. फडावर आईच्या जुन्या साडीची झोळी.

नोकरीत असताना मी अशा आयांना विचारायची, ‘अगं, एवढ्या तान्ह्या लेकराला कशाला नेतेस?’ तो प्रश्न चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळलं. पेरणीला पैसा लागतो तेव्हा, मृगात, मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती उचल कोयत्यावर असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको मागं राहिली तर तो अर्धा कोयता. निम्म्या कामात उचल फिटत नाही. ही मुलगी आषाढाच्या शेवटी झाली. म्हणजे ती पोटात होती तेव्हाच तिचं जाणं ठरलं होतं. आईनं निवड अशी केलीच नाही. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबर जातं, आणि आई उचलीबरोबर.

मग आई तिच्या हातात आहे तेवढं करते, आणि ते पाहून माझा ऊर भरून येतो. वेखंडाचा तुकडा पदराला बांधते. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, थंडी लागेल म्हणून दोन कुंच्या शिवून घेते. पहाटे अंधारात फडाला जावं लागतं, म्हणून लेकराला त्या वेळी उठून पिण्याची सवय आठ दिवस आधीपासूनच लावते. सासू म्हणाली, ‘मोळ्या वाहताना झोळी नजरंसमोर ठेव गं. उसात साप असतो.’ ती म्हणाली, ‘व्हय, आत्याबाई.’ दोघीही पुढं काही बोलल्या नाहीत. सासूनं स्वतःही चार लेकरं अशीच झोळीत वाढवली आहेत.

मी लसीचं कार्ड मागितलं. सासूनं पत्र्याची पेटी उघडून तळातून, लुगड्याच्या घडीतून काढून दिलं. ‘तिकडं पावसात, चिखलात हरवंल, म्हणून जपून ठिवलंय.’ इतकं जपलं, की ज्या लेकराचं कार्ड आहे त्याच्याबरोबर ते जाणारच नव्हतं!

कार्डावर 6 आणि 10 आठवड्यांच्या लसींच्या तारखा भरलेल्या होत्या. 14 आठवड्यांचा रकाना कोरा. गावातला लसीकरणाचा दिवस पुढच्या आठवड्यात, ट्रॅक्टर उद्या. त्या एका रकान्यात पेंटाव्हॅलेंटचा तिसरा डोस आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि लहानग्यांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा हिब. बरोबर पोलिओ, रोटा आणि न्यूमोनियाची आणखी एक लस. उशीर झाला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत, राहिला तिथून पुढं घेता येतो. पण कुठवर झालंय, हे तिकडच्या गावच्या नर्सबाईंना कार्डावरूनच कळणार. संक्रांतीनंतर ही सहा महिन्यांची होईल. तेव्हा अंगणवाडीच्या पोषण आहारावरही तिचा हक्क सुरू होतो, आणि तो हक्क गावच्या वेशीपाशी संपत नाही.

हे सगळं कागदावर आहे. पण कोप्या पडतात गावाबाहेर, कारखान्याच्या किंवा शेताच्या कडेला. टोळी दिवसभर फडात असते. सर्वेला आलेल्या ताई दुपारी पाहतात तर तिथं कोणीच नसतं. आणि उसाच्या पाचटाची ती झोपडी आपली आहे, असं गावाला वाटत नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे. त्या लेकराच्या आईबापांनी तोडलेल्या उसाची साखर गाव खातं, उसाचं बिल गाव घेतं, आणि लेकरू मात्र ‘तिकडच्यांचं’ राहतं.

आम्ही कार्डाचे फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून घेतले. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिनं स्वतःच पिठाच्या डब्यात ठेवलं. ‘बाई, ह्यो डबा रोज उघडतो. इसरायचं नाही.’

आज पहाटे ट्रॅक्टर निघाला. ती पुढच्या ट्रॉलीत, गोधड्यांच्या गाठोड्याला टेकून, लेकराला पदराआड घेऊन बसली होती.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांनो, या आठवड्यात तुमच्या शिवारात कोप्या पडतील. संध्याकाळी, टोळी फडावरून परतल्यावर, एकदा तिकडं जाऊन या. झोळी दिसली तर गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना सांगा, की इथं एक तान्हं लेकरू आलंय, आणि त्याचं कार्ड बहुतेक पिठाच्या डब्यात आहे.