पराभवावर हक्क कोणाचा?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकमधलं भारतीय बॅडमिंटनचं आव्हान पाच दिवसांत आटोपलं. १ ऑगस्टला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी उपांत्यपूर्व फेरीत हरले, त्याच दिवशी पी. व्ही. सिंधू बाहेर पडली आणि ५ ऑगस्टला लक्ष्य सेननं कांस्यपदकाची लढत गमावली. लंडन, रिओ आणि टोकियो अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटननं देशाला पदक दिलं होतं, या वेळी मात्र हात रिकामे राहिले. त्या आठवड्यात परभणीत काय आणि पुण्यात काय, मोबाइलवर सामने पाहणाऱ्यांच्या तोंडी सारखीच वाक्यं होती. ‘दडपण झेपत नाही’, ‘ऐन वेळी कच खातात’, ‘एवढा पैसा ओतून मिळालं काय?’ या ऑलिम्पिकच्या तयारीसाठी बॅडमिंटनवर सरकारचे सुमारे ७२ कोटी रुपये खर्च झाले, हा आकडा चहाच्या टपरीपर्यंत पोचला होता.

वाईट वाटलं यात गैर काहीच नाही. देशाचा संघ हरल्यावर ज्याच्या मनाला काहीच लागत नाही, त्याच्या शांतपणाचं कौतुक करायचं कारण नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि निवाडा सुनावणं वेगळं. चाहत्याला रागावण्याचा हक्क जरूर आहे, पण तो आयता मिळत नाही. खेळ समजून घेऊन तो कमवावा लागतो. न कमावलेल्या रागानं खेळाडूचं काही सुधारत नाही आणि खेळाचंही भलं होत नाही.

त्या पाच दिवसांत आपण हरलो तरी कोणाकडून, हे आधी पाहावं. सात्त्विक-चिरागनं पहिला गेम २१-१३ असा जिंकला, पुढचे दोन १४-२१ आणि १६-२१ असे गेले. समोर मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वुई यिक होते. त्यांनी पुढं कांस्यपदक मिळवलं. सिंधूला हरवणाऱ्या चीनच्या हे बिंगजियाओनं रौप्य नेलं. उपांत्य फेरीत लक्ष्यला रोखणारा डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि कांस्यपदकाच्या लढतीत लक्ष्यला हरवलं ते मलेशियाच्या ली झी जियानं. म्हणजे ज्यांच्याकडून पदकाची आशा होती, त्या प्रत्येकाला पदकविजेत्यानंच थांबवलं. एवढं ठाऊक असलं तरी दुःख कमी होत नाही, पण ‘कच खाल्ली’ म्हणताना जीभ अडखळते.

अ‍ॅक्सेलसनविरुद्धचा पहिला गेम जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लक्ष्य २०-१७ असा पुढं होता. एक गुण हवा होता आणि तो घ्यायला तीन संधी होत्या. तिथून अ‍ॅक्सेलसननं तो गेम २२-२० असा हिसकावला. दुसऱ्या गेममध्ये लक्ष्यनं ७-० अशी आघाडी घेतली आणि तोही १४-२१ असा गेला. तेवीसही पूर्ण न झालेला मुलगा आघाडी राखायला सावध झाला, हे खरं. टोकियोच्या सुवर्णविजेत्यानं नेमक्या त्याच क्षणी आपला खेळ उंचावला, हेही तितकंच खरं. खेळ जाणणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. नुसता निकाल वाचणाऱ्याला पहिली तेवढी दिसते. सामन्यानंतर चार वर्षांनी सुवर्णाच्या दावेदारांत लक्ष्यचं नाव असेल, असं म्हणणारा अ‍ॅक्सेलसन आपल्यातल्या अनेकांपेक्षा उदार ठरला, कारण त्यानं तो खेळ जाळीच्या पलीकडून झेलला होता.

कांस्यपदक हुकल्यावर मार्गदर्शक म्हणून तिथं असलेले प्रकाश पदुकोण स्पष्ट बोलले. सरकारनं आणि संघटनेनं आपल्या परीनं केलं, आता खेळाडूंनीही जबाबदारी घेतली पाहिजे, असा त्यांचा सूर होता. बॅडमिंटनपटू अश्विनी पोनप्पानं त्यावर जाहीर सवाल केला, की जिंकल्यावर श्रेयाला सगळे धावतात, मग हरल्यावर दोष एकट्या खेळाडूचाच कसा? मला या दोघांत परस्परविरोध दिसत नाही. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकलेल्या आणि या खेळाडूंसोबत कोर्टाशेजारी बसलेल्या माणसाला कडू बोलायचा अधिकार आहे, कारण त्याच्या बोलण्यामागं उद्याचा सराव असतो. आपण तेच वाक्य उचललं आणि टपरीवर वापरलं, तेव्हा त्यातला सराव गळून गेला आणि फक्त कडूपणा उरला.

सांघिक स्पर्धेत तर निकालाचा आकडा आणखी फसवा असतो. थॉमस चषकात एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात. बाद फेरीत तीन जिंकले की लढत संपते. १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारतानं चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असं हरवून हा चषक पहिल्यांदा जिंकला. त्याआधी आपण उपांत्य फेरीत पोचलो होतो ते थेट १९७९ मध्ये. तो विजय सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याआधीच्या मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्धच्या लढती ३-२ अशा, अखेरच्या सामन्यापर्यंत ताणल्या गेल्या होत्या. डेन्मार्कविरुद्ध एच. एस. प्रणॉय कोर्टवर घसरून पडला, घोटा दुखावला, आणि तसाच खेळून त्यानं निर्णायक सामना काढला. दोन वर्षांनी चेंगडूत गतविजेता म्हणून उतरलेला तोच संघ उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून १-३ असा हरला. त्या लढतीत प्रणॉय आणि सात्त्विक-चिराग दोघांचेही सामने तिसऱ्या गेमपर्यंत गेले होते. लक्ष्य जिंकला. पाचव्या सामन्यासाठी थांबलेल्या किदम्बी श्रीकांतची पाळीच आली नाही. जगज्जेतेपद आणि ‘लाजिरवाणी हार’ यांच्यात कधी कधी एवढंच अंतर असतं. २०२२ मध्ये ते अंतर आपल्या बाजूनं पडलं, तेव्हा ते मोजायला कोणी बसलं नव्हतं.

आपल्या राज्याचा त्या विजयातला वाटाही आपण कितीसा मोजला? चिराग शेट्टी मुंबईचा, गोरेगावात उदय पवार यांच्याकडे खेळ शिकलेला. २०२४ च्या जुलैमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघासाठी राज्य सरकारनं ११ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा तो उघडपणे बोलला. थॉमस चषक हा विश्वचषकाच्याच तोडीचा, त्या संघात महाराष्ट्राचा मी एकटा होतो, मग माझा साधा सत्कारही का नाही, असा त्याचा प्रश्न होता. क्रिकेटपटूंना मिळालं याबद्दल त्याची तक्रार नव्हती. महिनाभरात तो पॅरिसमध्ये हरला आणि जिंकलेला असताना त्याची आठवण न ठेवणाऱ्यांनी हरल्यावर त्याच्याकडे जाब मागितला. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये परदेशातलं अजिंक्यपद जिंकून भारतीय बॅडमिंटनला वाट दाखवली, आणि ज्याचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत घडले, त्या खेळाबद्दल महाराष्ट्राची ही वागणूक मनाला लागते.

परभणीत हा खेळ अनोळखी आहे असं मुळीच नाही. थंडी पडली की गल्लीत दोन खांबांना दोरी किंवा जुनी जाळी बांधली जाते, विटकरीच्या तुकड्यानं रेघा आखल्या जातात आणि मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत खेळतात. रॅकेट स्वस्तातली, फूल बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं. पिसांचं फूल सोळा पिसांचं आणि जेमतेम पाच ग्रॅमचं. ते उघड्यावर टिकत नाही आणि परवडतही नाही. वाऱ्यावर फूल भरकटलं की मुलं गुण पुन्हा खेळतात. मोठ्या बंद सभागृहातही वातानुकूलनाच्या झोतानं फूल वाहतं, एका बाजूनं लांब जातं, दुसऱ्या बाजूनं तोकडं पडतं. म्हणून तर निर्णायक गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात. दूरदर्शनच्या पडद्यावर तो झोत दिसत नाही. गल्लीत खेळलेल्या पोराला तो न दिसताही समजतो.

मग अडतं कुठं? ज्या मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर परभणी आणि पूर्णा ही स्टेशनं आहेत, त्याच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादच्या गच्चीबावलीत पुल्लेला गोपीचंद यांची अकादमी आहे. सायना, सिंधू, श्रीकांत तिथं घडले. मुंबईपेक्षा हैदराबाद परभणीला जवळ. तरीही गल्लीतून त्या अकादमीपर्यंत जायला मध्ये जी पायरी लागते, ती आपल्याकडे कच्ची आहे. बंद सभागृह, नीट उजेड, रोज येणारा प्रशिक्षक आणि हरल्यावरही पुन्हा खेळायला पाठवणारे आईबाप मिळून ती पायरी बनते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा दरवर्षी होतात, पण बघायला पालक आणि क्रीडाशिक्षक सोडले तर फारसं कोणी नसतं. दहावीच्या वर्षी क्रीडा गुणांची चौकशी करायला मात्र गर्दी असते.

अ‍ॅक्सेलसनच्या डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या परभणी जिल्ह्याची १८ लाखांवर होती. म्हणजे तीन-सव्वातीन परभणी जिल्ह्यांएवढा तो देश. तिथं गावोगावच्या क्लबांमध्ये संध्याकाळी शाळकरी मुलं आणि नोकरदार माणसं एकाच सभागृहात खेळतात. त्यामुळं तिथल्या चाहत्याला २०-१७ वरून गेम कसा निसटतो हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. तोही हळहळतो, चिडतो, पण त्याच्या चिडण्यात खेळाची जाण असते. अशा जाणकारांची निराशा ही खेळाची पुंजी असते. तिच्यातूनच पुढचा खेळाडू घडतो.

पॅरिसच्या त्या पराभवाची गोष्ट तिथं संपली नाही. वर्षभरानं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच शहरात, त्याच सभागृहात जागतिक स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत सात्त्विक-चिरागसमोर पुन्हा चिया आणि सोहच होते. या वेळी आपल्या जोडीनं २१-१२, २१-१९ अशी बाजी मारली आणि पुढं कांस्यपदक मिळवलं. ‘यांना दडपण झेपत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तो सामना पाहिला असेल?

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. पुढच्या वेळी संघ हरला तर वाईट जरूर वाटू द्या, पण मत देण्याआधी तो सामना शेवटच्या गुणापर्यंत पाहा. आणि यंदा जिल्ह्याच्या शालेय बॅडमिंटन स्पर्धेला परभणीत, किंवा तुमच्या तालुक्यात जिथं कुठं सामने होतील तिथं, तासभर जाऊन बसा. हरलेल्या मुलीला तिचा कोणता फटका आवडला ते सांगा. क्रीडा संकुलाचं सभागृह बंद असेल तर ते का बंद आहे, हे क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा. राग काढायचाच असेल, तर तो तिथं कामी येईल.