झोपडीचा मोह

विरक्ताने रानातल्या झोपडीवर जीव जडवावा काय, हा प्रश्न जपानी भिक्षू कामो नो चोमेई याने १२१२ साली लिहिलेल्या ‘होजोकी’ या छोटेखानी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःलाच विचारला आहे. क्योतोजवळील हिनोच्या डोंगरातली त्याची कुटी जेमतेम दहा फूट लांबरुंद होती आणि तिचे सांधे आकड्यांनी जोडलेले असल्यामुळे ती उकलून दोन गाड्यांवर लादून हलवता येई. आत अमिताभाचे, म्हणजे शरणागताला सुखावती लोकी नेणाऱ्या बुद्धाचे, चित्र होते, शेजारी तंतुवाद्ये. बौद्ध मतानुसार उपादान, म्हणजे कशालाही घट्ट धरून ठेवणे, दुःखाला कारण होते. मग वाडा सोडून कुटी धरली तर सुटले काय? साधेपणाचा अभिमान (आणि तो ग्रंथभर जाणवतो) आसक्तीला उलट अधिकच चिवट करतो. चोमेई उत्तर देत नाही. दोन-तीनदा अमिताभाचे नाम घेऊन थांबतो, आणि ही पळवाट वाटली तरी ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक जागा तीच आहे.