भिंतीवर नसलेली नावे

सुटी लागली की पुष्कळ मंडळ्या शब्बाथशाळेच्या मुलांना जुनी मंदिरे दाखवावयास नेतात. ही प्रथा चांगली आहे. आम्हां हातोदकरांना तर दूर जावयास नको. इंदूरच्या रेसिडेन्सी भागातले १८५८ सालचे पांढरे चर्च जवळच आहे. मुले उंच खिडक्या पाहतात, शिक्षक बांधकामाचे साल सांगतात, आणि मग डबे सोडून सर्व जण जेवावयास बसतात. पण एवढ्याने जुने मंदिर पाहून होते काय?

त्याच १८५८ साली मुंबईला कुलाब्याच्या सेंट जॉन मंदिराचे समर्पण झाले. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्याचा मनोरा १९८ फूट उंच आहे. आत शिरताच रंगीत काचांतून येणारा प्रकाश पाहून मन नम्र होते, हे खोटे नाही. पण हे मंदिर बांधले गेले ते सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, आणि त्या मोहिमांची हकीकत नम्र करणारी नाही.

१८३९ साली इंग्रजांनी दोस्त महंमदाला दूर करून आपल्या सोयीचा शाह शुजा काबूलच्या गादीवर बसविला. १८४२ च्या जानेवारीत, ऐन बर्फात, त्यांच्या फौजेला काबूल सोडावे लागले. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे निघाले. बहुतेक सर्व वाटेतील खिंडींत मेले किंवा कैद झाले. सैनिकांत युरोपीय थोडे, बाकीचे हिंदी शिपाई. बाजारबुणग्यांत भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी, बायकामुले. पुढे दोस्त महंमद पुन्हा गादीवर आला. मग इतके जीव गेले ते कशासाठी?

मंदिरात अधिकाऱ्यांची नावे लिहिली आहेत. सामान्य सैनिक इतके होते की त्यांची नावे देता आली नाहीत, असे तेथील लेख सांगतो. भिस्त्याचा व मोतद्दाराचा त्या लेखात उल्लेखही नाही. ज्यांच्या देशावर स्वारी झाली त्या अफगाणांचा तर नाहीच नाही.

हा दोष एकट्या इंग्रजांचा समजू नये. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहावयास लोक जातात. तेथे कृष्णेच्या घाटावरील देवळात १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ती, असे सांगतात. वाड्याच्या धन्याचे नाव सर्वांना ठाऊक. तो उभारणाऱ्या गवंडी-सुतारांची नावे कोण सांगतो? आणि जिच्या नादावर लोक प्रार्थनेला जमत, ती घंटा गेल्यावर त्यांना काय वाटले असेल?

मग अशी ठिकाणे पाहूच नयेत काय? तसे आम्हांस वाटत नाही. दगडाचा अपराध नाही, आणि पाथरवटाच्या हातातील कौशल्य हे देवाचेच दान आहे. जेथे कित्येक पिढ्यांनी गुडघे टेकले ती जागा तुच्छ मानू नये. पण सौंदर्यापुढे आपण प्रश्न विचारणे सोडतो, हे मात्र बरे नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आहे, आणि तिच्या लगेच पुढे शिष्य मंदिराचे प्रचंड दगड पाहून थक्क होतात असे लिहिले आहे. प्रभूने दगडांची प्रशंसा केली नाही; प्रशंसा केली ती त्या विधवेची. तिचेही नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना साल सांगा, मनोरा दाखवा; मग विचारा, “हे कोणासाठी बांधले? आणि येथे कोणाचे नाव नाही?” उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न मनात घेऊन मूल घरी गेले तर सहल कारणी लागली.

हाच प्रश्न आपल्या मंडळीलाही लागू आहे. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. वर्षानुवर्षे घंटा वाजविणारा, झाडलोट करणारी बाई, पायी गावोगाव फिरलेली बायबलबाई, यांची नावे मंडळीच्या नोंदवहीत तरी आहेत काय? त्यांना ओळखणारी वडील माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून ती नावे लिहून घेण्यास पाटीचा खर्च लागत नाही. एक वही आणि एक रविवारची दुपार पुरे.